‘बघते, होईल’ म्हणण्याआधी वही उघडा: ब्लाउज आणि आरी वर्कच्या ऑर्डरींच्या तारखा कशा ठरवायच्या

घरून ब्लाउज शिवणाऱ्या, आरी वर्क (फ्रेमवर ताणलेल्या कापडावर आकडीसारख्या सुईने केलेलं भरतकाम) करणाऱ्या मैत्रिणी मला हमखास विचारतात, “हात लवकर चालावा म्हणून काय करू?” त्यांची वही बघितली की कळतं, हात चांगला चालतोय. घोटाळा त्याच्या आधीच झालेला असतो. बाई कापड टेबलावर ठेवते, “पंधरा तारखेपर्यंत होईल ना?” असं विचारते आणि वही न उघडताच आपल्या तोंडून निघतं, “बघते, होईल.” आपल्या मनात ‘बघते’ असतं. ती घरी जाताना ‘होईल’ घेऊन जाते.

मीही यात पोळलेय. एकाच मुहूर्ताच्या तीन नवऱ्या मी तीन वेगवेगळ्या दिवशी ‘होईल’ म्हणून घेतल्या होत्या. तिसरीचे हुक मी कार्यालयाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लावले.

खालचा क्रम त्यानंतरचा आहे. एक मशीन, एक आरीची फ्रेम आणि मदतीला एक मुलगी, एवढ्या पसाऱ्याला तो पुरतो. यातले तास माझे आहेत, तुमचे वेगळे निघतील. क्रम मात्र मोडू नका.

टप्पा १: आठ दिवस घड्याळ लावून काम करा

तारीख देता येण्यासाठी आधी स्वतःचा वेग माहीत हवा, आणि तो अंदाजाने कधीच बरोबर येत नाही. आठ दिवस प्रत्येक ब्लाउजला एक चिठ्ठी टाचा. काम सुरू केल्याची आणि थांबवल्याची वेळ लिहा. फोन आला तर तेवढा वेळ वजा करा, पण तो फोनच्या नावावर वेगळा लिहून ठेवा.

साध्या अस्तराच्या ब्लाउजला मी कायम अडीच तास धरायचे. मोजल्यावर निघालं ते असं: माप आणि बोलणं २० मिनिटं, कटिंग ४० मिनिटं, शिलाई अडीच तास, हुक आणि हातशिलाई ५० मिनिटं, ट्रायलनंतरची दुरुस्ती ३० मिनिटं. म्हणजे ४ तास ५० मिनिटं. मी नुसती टीप मारायचा वेळ मोजत होते.

आता आठवड्याचे तास काढा. मी ११ ते २ आणि ४ ते ७ बसते. सहा दिवसांचे ३६ तास झाले. त्यातून गिऱ्हाइकं आणि फोन ६, दोरा-अस्तर-हुक आणायला बाजार ३, जुन्या दुरुस्त्या ३ वजा केले की २४ उरतात. म्हणजे आठवड्याला साधे ब्लाउज पाच, तेही घरात कुणी आजारी पडलं नाही तर. फ्रेमवर मदतनीस रोज तीन तास बसते. आठवड्याचे ते १८ तास मी वेगळ्या पानावर मांडते, कारण शिलाईचे तास फ्रेमला देता येत नाहीत आणि फ्रेमचे शिलाईला.

> तपासा: आकडा फार छान आला असेल तर काहीतरी सुटलंय. बहुतेक वेळा अस्तर भिजवून वाळवणं, इस्त्री किंवा हुक-काज धरायचं राहून जातं.

टप्पा २: ऑर्डर घेण्याआधी वर्ष भिंतीवर मांडा

गेल्या वर्षीच्या वहीवरून यंदाचा हंगाम ठरवणं ही पुढची मोठी चूक. आपले सण इंग्रजी तारखेने हलतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. अठरा दिवसांचा फरक आहे, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ येतो. दिवाळीही तेवढीच पुढे जाते.

अधिक महिन्याचं गणित अनेकींचं चुकतं. १७ मे ते १५ जून २०२६ या काळात लग्नं नाहीत म्हणून त्या निवांत राहतात. पण धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावतात, लेकीला साडी घेतात आणि ती साडी दोन दिवसांत नेसायची असते. लग्नाचं मोठं काम जातं आणि किरकोळ घाईची कामं ढिगाने येतात. त्या महिन्यात मी आरीचं नवं काम धरत नाही, साध्या शिलाईला जागा मोकळी ठेवते.

बाकी वर्ष तुम्हाला ठाऊक आहे: तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, श्रावणातली मंगळागौर, गौरी-गणपती, नवरात्राचे नऊ रंग, दिवाळी. प्रत्येकाच्या आधीचे तीन आठवडे कॅलेंडरवर लाल पेनाने रंगवा. मग निळ्या पेनाने स्वतःच्या सुट्ट्या टाका: मुलांच्या परीक्षा, घरातलं कार्य, मदतनीस गावी जाते ते दिवस. निळ्या खुणा ऑर्डरींच्या आधी पडल्या पाहिजेत. मागाहून टाकायला गेलात तर जागाच उरलेली नसते.

टप्पा ३: कापड हातात आलं की आधी प्रश्न, मग तारीख

पहिला प्रश्न “लग्न कधी?” असा विचारू नका. “हा ब्लाउज पहिल्यांदा अंगावर कधी चढणार?” असं विचारा. लग्न २० तारखेला असतं आणि नेमका तोच ब्लाउज ८ तारखेच्या केळवणाला किंवा फोटोशूटला घालायचा असतो. हे आपल्याला ५ तारखेला कळतं.

दुसरा प्रश्न साडीचा. पैठणी असेल तर ब्लाउजपीस बहुधा साडीला जोडूनच असतो. तो कापायचा, साडी फॉल-पिकोला जायची, परत यायची. फॉल-पिको दुसरीकडे देत असाल तर त्यांचेही दिवस धरा. पीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. कोपरापर्यंत बाही आणि माप मोठं असेल तर तो पुरेलच असं नाही. मापाचा ब्लाउज तिच्यासमोर कापडावर पसरून दाखवा. आठ दिवसांनी फोन करून “काकू, कापड कमी पडतंय” सांगितलं तर काकूंना वाटतं कापड आपणच खाल्लं.

तिसरा प्रश्न फोटोचा. हल्ली प्रत्येकजण मोबाईलवर फोटो घेऊन येते. त्यात कापड मखमलीचं असतं, आपल्याकडे आलेलं असतं सिल्क. फोटोतलं काम साठ तासांचं, हिच्या मनातला आकडा दहा तासांचा. पावतीवर ‘फोटोप्रमाणे’ हा शब्द कधीही लिहू नका. जे करणार आहात ते लिहा: “बाहीला काठाच्या वर चार इंच जरदोसी, पाठीवर दोन मोर, पुढच्या गळ्याला मोत्यांची एक ओळ.” आणि काय करणार नाही तेही लिहा: “बाहीवर जाळी नाही, पाठीवर कुंदन नाही.” शेवटची वादावादी जवळपास नेहमी या न लिहिलेल्या गोष्टींवरून होते.

चौथा प्रश्न जरा नाजूक आहे, पण विचारा: “डिझाइन कोण पसंत करणार?” नवरी, तिची आई, होणारी नणंद, तिघींचे तीन निरोप येतात आणि तिन्ही वेगळे असतात. एकच नंबर पावतीवर घ्या. बाकीच्यांना गोड बोलून त्या नंबरकडे पाठवा.

> सावध: मापाचा म्हणून आणलेला ब्लाउज तिला आत्ता बसतोय का, ते घालून बघायला सांगा. दोन वर्षांपूर्वीचा ब्लाउज त्या वेळचं माप सांगतो. आरीच्या कामात हे जास्त महागात पडतं, कारण गळा, मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि बाही आधी कापडावर आखून, त्यावर भरून, मगच कापतात. भरलेलं काम शिवणीत गेलं की ते परत काढता येत नाही.

टप्पा ४: घालायच्या दिवसापासून मागे मोजत या

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. समजा लग्न १० डिसेंबर २०२६ ला आहे आणि ब्लाउज त्याच दिवशी पहिल्यांदा घालायचा आहे. पैठणी, दोन्ही बाह्या आणि पाठीवर आरी, फ्रेमचे ३६ तास.

लग्नाच्या आधीचा आठवडा आपला नाही. त्या दिवसांत नवरीला यायला वेळ नसतो आणि आपल्यालाही दुरुस्ती करायला. म्हणून ब्लाउज हातात द्यायची तारीख ३ डिसेंबर. दुरुस्तीला २८ ते ३० नोव्हेंबर. ट्रायल २७ नोव्हेंबर. शिलाई २३ ते २५. म्हणजे फ्रेम २१ नोव्हेंबरला सुटायला हवी.

आता ३६ तास कुठे बसतात ते बघा. रोज तीन तास धरले तर बारा दिवस. २१ पासून मागे बारा कामाचे दिवस मोजले की आपण दिवाळीत जाऊन पोचतो. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला. ६ ते १२ नोव्हेंबर फ्रेमवर कुणीही बसणार नाही, हे आधीच मान्य करून टाका. १३ ते २१ मध्ये रविवार सोडून आठ दिवस मिळतात, २४ तास. उरलेले १२ तास दिवाळीच्या आधी काढायला हवेत. पण २ ते ५ नोव्हेंबर दिवाळीच्या ऑर्डरींचे दिवस आहेत. त्यामुळे फ्रेम २६ ऑक्टोबरला लागली पाहिजे. त्या आठवड्यात १८ तास मिळतात, सहा तास हाताशी शिल्लक राहतात. डिझाइन पसंत करणं, खाका (कागदावरची नक्षी) टोचणं, कापडावर उतरवणं यासाठी २१ ते २४ ऑक्टोबर.

म्हणजे १० डिसेंबरच्या लग्नाचं कापड दसऱ्याला, २० ऑक्टोबरला, माझ्या हातात हवं. गिऱ्हाईक मात्र साडीच दिवाळीच्या खरेदीत घेणार असतं.

हा हिशेब तिच्यासमोर कॅलेंडरवर बोट ठेवून करा. “लवकर आणा” सांगितलेलं बायका ऐकून सोडून देतात. बोट दिवाळीवर आलं की त्यांना स्वतःलाच पटतं. कापड उशिरा येणार असेल तर तारीख ओढू नका, काम कमी करा: पाठीवरचे मोर काढा, बाह्या ठेवा. हा पर्याय पहिल्याच दिवशी दिला तर ती आनंदाने घेते. नोव्हेंबरात दिला तर तिला फसवल्यासारखं वाटतं.

> तपासा: शिल्लक तास शून्य आले तर ऑर्डर घेऊ नका. त्या दहा-बारा दिवसांत वीज जाणं, मण्यांचा रंग संपणं, मुलाला ताप, यातलं एक तरी होतंच.

टप्पा ५: दोन तारखा, लेखी

पावतीवर दोन तारखा लिहा: ट्रायलची आणि न्यायची. एकच तारीख दिली तर ट्रायलच्या दिवशी ती ब्लाउज घेऊन जायच्या तयारीने येते आणि दुरुस्ती निघाली की तोंड पडतं.

कागदाची पावती हरवते, म्हणून तोच मजकूर व्हॉट्सअॅपवरही टाका. माझा असा असतो:

“नमस्कार ताई. तुमचा पैठणीचा ब्लाउज, नारळी काठ. काम: दोन्ही बाह्या काठावर चार इंच, पाठीवर दोन मोर. ट्रायल २७ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी ५. न्यायचा दिवस ३ डिसेंबर. डिझाइनमध्ये बदल २४ ऑक्टोबरपर्यंतच. एकूण ठरलेली रक्कम आणि मिळालेला अॅडव्हान्स पावतीवर लिहिलाय. बरोबर असेल तर ‘हो’ लिहून पाठवा.”

‘हो’ येईपर्यंत फ्रेम लावायची नाही. ‘ओके’ चालतं, अंगठा चालतो, गप्प राहणं चालत नाही.

अॅडव्हान्सबद्दल एकच सांगते. आरीच्या कामात सामानाचे पूर्ण पैसे आणि मजुरीचा निम्मा भाग आधी घ्या. पैसे आणि तारीख एकमेकांना बांधलेले असतात. ज्या ऑर्डरीला अॅडव्हान्स नाही तिची तारीख वहीत पेन्सिलने लिहा आणि तिलाही तसं सांगा: “ताई, पैसे आले की पेनाने लिहिते.”

टप्पा ६: काम चालू असताना तीनच निरोप

उत्सुकतेने फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला दोष देऊ नका. तिला काही कळत नसतं म्हणून ती फोन करते. आपणच तीन वेळा कळवायचं: खाका उतरला की फोटो, एक बाही पूर्ण झाली की फोटो, ट्रायलच्या आदल्या दिवशी आठवण. बाहीचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. पिवळ्या बल्बखाली जरीचा रंग बदलतो आणि नको ती चर्चा सुरू होते.

निरोपांना उत्तर देण्याची वेळ ठरवा. मी दुपारी २ ते ३ आणि रात्री ८ ला अर्धा तास देते, आणि ते पावतीच्या मागे छापलंय. रात्री साडेदहाला एकदा उत्तर दिलंत की ती वेळ कायमची तिची झाली.

फ्रेम लागल्यावर बदल मागितला तर ‘नाही’ म्हणू नका आणि ‘हो’ही म्हणू नका. “ताई, मोराऐवजी कमळ होईल. भरलेलं उसवायला आणि परत भरायला नऊ तास जास्त, त्याचे इतके पैसे, आणि न्यायचा दिवस चार दिवस पुढे. लावू का?” एवढं ऐकून बहुतेक मोर तिथेच राहतात. आणि तरीही तिला कमळच हवं असेल तर वाढलेल्या कामाचे पैसे मिळतात, तुमची तक्रार राहत नाही.

टप्पा ७: ट्रायल घाईत उरकू नका

तिला येण्याआधीच सांगा: लग्नात जी ब्रा घालणार तीच घालून या. ब्लाउज घातल्यावर हात वर करायला लावा (हार घालताना करावेच लागतात), खाली बसायला लावा, पाठीची नॉट बांधून बघा. जे घट्ट-सैल असेल ते तिच्यासमोर टाचणीने धरा आणि यादी करा. यादी तिला वाचून दाखवा आणि विचारा, “एवढंच ना?”

यादीत नसलेली दुरुस्ती नंतर आली तर करून द्या, पण ती वेगळ्या तारखेला. नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंना निदान इंचभर माया (शिवणीतलं जादा कापड) आत ठेवा. लग्नाच्या महिन्यात वजन दोन्हीकडे हलतं.

घरचे आणि घाईचे

नणंदेचा ब्लाउज वहीत लिहिलेला नसतो. मावशी “सवडीने कर गं” म्हणते आणि बारशाच्या आदल्या दिवशी विचारते. उपाय एकच: घरच्यांनाही पावती. पैसे घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण तासांची पावती फाडाच. आठवड्याला एक जागा मी ‘घरचं’ म्हणून ठेवते. ती भरली की सासूबाईंनाही पुढचा आठवडा.

घाईच्या ऑर्डरीचा नियम असा की ती रविवारच्या तासांतूनच घ्यायची आणि दीडपट दराने. दुसऱ्या कुणाचा दिवस उचलून तिला द्यायचा नाही. दीडपट सांगितल्यावर निम्म्या घाया आपोआप निवतात.

टप्पा ८: उशीर होणार हे कळलं, त्याच दिवशी

न्यायच्या दिवशी दार वाजल्यावर सांगू नका. शंका आली त्याच दिवशी फोन करा. मेसेज नको, फोन. क्रम असा: काय झालं ते एका वाक्यात, नवी तारीख, आणि तिच्यासाठी काय करणार ते. “काकू, मदतनीस चार दिवस आजारी होती. ट्रायल शुक्रवारऐवजी मंगळवारी घेऊ, न्यायचा दिवस तोच राहील. तुम्हाला दोनदा यायला नको म्हणून मी घरी येते.” सासू, वीज, पाऊस असा सगळा पाढा वाचायची गरज नाही. नवी तारीख देताना मात्र पुन्हा टप्पा ४ करा. एकदा हुकलेली तारीख माणसं सोसतात, दुसऱ्यांदा हुकली की गल्लीत सांगतात.

आधीच अडकला असाल तर

वीस ब्लाउज थकलेत आणि फोन उचलायची भीती वाटतेय, अशा अवस्थेत हे वाचत असाल तर टप्पा १ ची वाट बघू नका. आज मशीन बंद ठेवा. सगळी कापडं पलंगावर काढा. प्रत्येकावर चिठ्ठी: कुणाचं, अंगावर कधी चढणार, किती तास बाकी. पहिल्यांदा घालायच्या तारखेप्रमाणे ओळीने लावा. जास्त फोन करते एवढ्यावरूनच कुणाचा ब्लाउज पुढे येत असेल तर तो मागे ढकला.

मग तास मोजत पुढे जा. ज्या ब्लाउजवर तास संपतात, तिथून पुढच्या प्रत्येकीला आजच फोन. तीन पर्याय द्या: पुढची तारीख, कमी काम, किंवा कापड परत. परत देताना पीस, अस्तर, मापाचा ब्लाउज, लटकन, नमुन्याचा दोरा असं मोजून एका पिशवीत घाला, अॅडव्हान्स पूर्ण द्या आणि पिशवीत काय काय आहे त्याचा फोटो तिला पाठवा. सुरुवात सगळ्यात जवळच्या तारखेपासून करा. तो फोन सगळ्यात अवघड असतो आणि तिच्याकडे दुसरीकडे शिवून घ्यायला सगळ्यात कमी दिवस असतात.